आधी वाटणी, मग आवाहन : १९६५ चे युद्ध आणि घरची आघाडी

प्रश्न असा आहे की, युद्ध चालू असताना देशाचा नेता सीमेपासून दूर राहणाऱ्या सामान्य नागरिकांना एकत्र कसा आणतो, आणि त्यासाठी प्रभावी वक्तृत्व कितपत पुरते. नागरी संरक्षणाच्या प्रशिक्षणात माझी बरीच वर्षे गेली. वस्त्यांमधील वॉर्डन, गृहरक्षक दलाचे जवान आणि तालुक्याचे अधिकारी यांच्याकडून हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकला आहे. बहुतेकांच्या मनात त्याचे उत्तर आधीच तयार असते. एखादा मोठा वक्ता आकाशवाणीवरून किंवा दूरदर्शनवरून बोलतो आणि सारा देश उभा राहतो, असे ते चित्र असते. माझे मत वेगळे आहे. ओझ्याची वाटणी न्याय्य आहे, आपल्याला दिलेले काम खरोखर उपयोगाचे आहे आणि मागणाऱ्याने स्वतःचा वाटा आधी उचलला आहे, या तीन गोष्टींची खात्री पटली की माणसे एकत्र येतात. भाषणाने त्या खात्रीला शब्द मिळतात. खात्रीच नसेल तर उत्तम भाषणही आठवडाभरात विरून जाते.

हे तपासून पाहण्यासाठी मी नेहमी लालबहादूर शास्त्री यांचे १९६५ मधील उदाहरण घेतो, कारण वक्तृत्वाचा प्रभाव त्यात जवळजवळ नाहीच. शास्त्रीजींची अंगकाठी लहान होती, आवाज मृदू होता आणि ९ जून १९६४ रोजी पंतप्रधानपद स्वीकारले तेव्हा नेहरूंच्या जागी हा माणूस कसा पुरणार अशी शंका उघडपणे घेतली जात होती. देशाची अवस्थाही एकीला पोषक नव्हती. चीनकडून झालेल्या पराभवाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. धान्याचे भाव चढलेले होते आणि अमेरिकेच्या पी.एल. ४८० या अन्नमदत योजनेतून येणाऱ्या गव्हावर शहरांची रेशन दुकाने चालत होती. त्यातच २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी राजभाषा होणार म्हणून मद्रास राज्यात आंदोलन पेटले, तरुणांनी आत्मदहन केले आणि गोळीबारात माणसे मेली. केंद्रीय मंत्रिमंडळातील सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेसन यांनी राजीनामे दिले. हे सगळे युद्धाच्या अवघे सात महिने आधी घडले होते. सप्टेंबरात हाच देश एका आवाजात बोलताना दिसला तो कशामुळे, हे पाहणे म्हणून उद्बोधक ठरते.

पहिली गोष्ट अशी की घरची आघाडी युद्धाच्या आधी बांधावी लागते. ११ फेब्रुवारी १९६५ रोजी शास्त्रीजींनी आकाशवाणीवरून बोलताना, अहिंदी राज्यांची इच्छा असेपर्यंत इंग्रजीचा वापर चालू राहील, हे नेहरूंनी दिलेले आश्वासन पाळले जाईल असे स्पष्ट केले. ते स्वतः हिंदी पट्ट्यातले होते आणि त्यांच्याच पक्षात याला विरोध असणारे वजनदार लोक होते. तरी त्यांनी माघार घेतली. ही माघार त्या वेळी अनेकांना दुबळेपणाची वाटली. परंतु सप्टेंबरात मद्रासमधील नागरिकाला पंजाबची लढाई आपली वाटली, त्यामागे फेब्रुवारीतील हा निर्णय होता असे मी मानतो. दोन्ही मंत्र्यांचे राजीनामेही मागे घेतले गेले आणि सुब्रमण्यम अन्नमंत्रिपदावर कायम राहिले. पुढे या कहाणीत त्यांचे काम फार महत्त्वाचे ठरणार होते.

त्याहून जुनी पुंजीही शास्त्रीजींच्या खात्यात जमा होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये तामिळनाडूतील अरियालूर येथे रेल्वेचा भीषण अपघात झाला तेव्हा रेल्वेमंत्री असलेल्या शास्त्रीजींनी नैतिक जबाबदारी घेऊन पद सोडले होते. हा माणूस खुर्चीसाठी आपल्याला काही करायला सांगणार नाही, एवढे लोकांना ठाऊक होते. युद्धकाळात नेता जे मागतो ते पूर्वी साठवलेल्या विश्वासातून मागत असतो, आणि ती साठवण युद्ध सुरू झाल्यावर करता येत नाही.

आता वाटणीकडे वळतो, कारण माझ्या मते सगळे मर्म तिथे आहे. ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले गेले, १ सप्टेंबरला छांब भागात रणगाड्यांचा हल्ला झाला, ६ सप्टेंबरला भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे युद्धबंदी झाली. प्रत्यक्ष लढाई तीन आठवड्यांची होती, पण धान्याची लढाई लांबणार होती. पाऊस दगा देत होता. १९६४-६५ मध्ये सुमारे ८ कोटी ९० लाख टन झालेले अन्नधान्याचे उत्पादन पुढच्या वर्षी ७ कोटी २० लाख टनांच्या आसपास घसरले. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार न करता थोड्या थोड्या मुदतीने धान्य सोडण्याचे धोरण ठेवले, त्यामुळे पुढच्या महिन्याचे जहाज येईल की नाही ही टांगती तलवार दिल्लीवर कायम होती.

अशा वेळी शास्त्रीजींनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची विनंती केली, आणि सोमवारची रात्र ही उपासाची रात्र ठरली. या प्रसंगात मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. त्यांचे चिरंजीव अनिल शास्त्री यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, वडिलांनी आधी घरी ललितादेवींना एका संध्याकाळी चूल न पेटवण्यास सांगितले. आपली मुले उपाशी राहू शकतात का हे त्यांना पाहायचे होते. ती राहू शकतात हे पाहिल्यावरच त्यांनी देशाकडे मागितले. १०, जनपथ या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवून तिथे धान्य पेरले गेले. शहराशहरांत सोमवारी संध्याकाळी हॉटेले आणि खाणावळी बंद राहू लागल्या. संकष्टी, एकादशी, सोमवार पाळणाऱ्या आपल्या समाजाला उपास नवा नव्हता. नवीन होते ते असे की हा उपास देवासाठी नसून न पाहिलेल्या शेजाऱ्यासाठी होता, आणि त्यात सर्व धर्मांची घरे होती.

यातून किती टन गहू वाचला असे कोणी विचारले, तर अन्नतुटीच्या मानाने ती बचत मोठी असणे शक्यच नव्हते. पण या उपायाची ताकद वेगळ्या ठिकाणी होती. पंतप्रधानाच्या घरात आणि गिरणी कामगाराच्या खोलीत एकाच रात्री चूल थंड असायची. ज्याला लढायला जाता येत नाही अशा म्हाताऱ्याला, गृहिणीला, शाळकरी मुलाला दर आठवड्याला करता येईल अशी एक ठरावीक कृती मिळाली. मी वॉर्डनांना नेहमी सांगत आलो की, घाबरलेल्या माणसाला धीर देण्याआधी त्याच्या हातात काम द्या, कारण रिकामे हात आणि बंद दार यांतून भीती वाढते. सोमवारच्या उपासाने संपूर्ण देशाच्या पातळीवर हेच साधले. अर्थात ज्या घरात रोजच दोन वेळचे पुरत नव्हते, त्यांच्याकडून हा उपास मागण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. विनंतीला कायद्याची सक्ती नव्हती हे म्हणूनच योग्य झाले.

याच सुमारास, ऑक्टोबर १९६५ मध्ये, अलाहाबाद जिल्ह्यातील उरुवा येथील सभेत ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा दिली गेली. घोषणा पुष्कळ असतात आणि त्यांतल्या बहुतेक विसरल्या जातात. ही टिकली, कारण तिच्यामागे काम उभे होते. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले होते आणि त्याच महिन्यात कृषी मूल्य आयोगही नेमला गेला होता. शेतकऱ्याला किमान भावाची हमी असल्याशिवाय तो नव्या बियाण्याचा आणि खताचा धोका पत्करणार नाही, हा सुब्रमण्यम यांचा आग्रह होता, आणि शास्त्रीजींनी त्यांना पाठबळ दिले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आले. शेतकऱ्याला जवानाच्या शेजारी उभे केले, तेव्हा त्याला त्या मानाला साजेशी साधनेही मिळू लागली. नुसताच मान देऊन काम करवून घेतले असते, तर ती घोषणा दोन हंगामांपलीकडे गेली नसती.

महाराष्ट्रात हाच सूर मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पकडला. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असे त्यांनी पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर सांगितल्याचे जुनी मंडळी अजून सांगतात. त्यांच्या सरकारने ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली होती आणि ती शेतकऱ्यांना सर्वस्वी रुचलेली नव्हती. मात्र खरेदीचा नियम सर्वांना सारखा होता आणि तो लादणारा माणूस स्वतःची मान पणाला लावत होता, म्हणून तक्रार असूनही माणसे तुटली नाहीत.

वाटणी चुकली की काय होते, याचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले तेव्हा भावनेला तोटा नव्हता. बायकांनी अंगावरचे दागिने राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी काढून दिले, रक्तदानासाठी रांगा लागल्या. त्यानंतर काही आठवड्यांत, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी झाली. सोन्याची तस्करी थांबवणे आणि परकीय चलन वाचवणे हा हेतू चुकीचा नव्हता. पण त्याचा सगळा भार कारागीर सोनारांवर पडला. पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर काम करणारी माणसे बेकार झाली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि अखेर १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट काढून घ्यावी लागली. युद्धासाठी स्वतःहून सोने देणाऱ्या समाजातील एका घटकाला वाटले की आपल्यालाच निवडून मारले. त्यागाची तयारी असलेली माणसेही अशाने दुरावतात.

दागिन्यांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. हैदराबादच्या निजामाने १९६५ मध्ये पाच टन सोने देशाला दान केले अशी कथा आजही मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. माहिती अधिकारातून पुढे आलेली वस्तुस्थिती अशी की ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण योजनेत साडेसहा टक्के व्याजाने गुंतवले गेले होते. ही गुंतवणूकही देशाच्या उपयोगाचीच होती आणि तिचा मान कमी करण्याचे कारण नाही. पण लोकांनी दिलेल्या प्रत्येक गोष्टीची पावती आणि जाहीर हिशेब वेळच्या वेळी मिळाला नाही, की त्या जागी दंतकथा येतात. आणि दंतकथेच्या मागोमाग, ‘मग आमच्या आईने दिलेल्या बांगड्या कुठे गेल्या?’ हा प्रश्नही येतो.

ब्रिटनचे १९४० मधील उदाहरण सर्वांना माहीत असते, पण ते सहसा चर्चिल यांच्या भाषणांपुरते सांगितले जाते. १३ मे १९४० रोजी त्यांनी पार्लमेंटमध्ये रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम यांखेरीज आपल्याकडे देण्यासारखे काही नाही असे सांगितले, हे खरे आहे. त्याच महिन्यात मजूर पक्षाला सोबत घेऊन संमिश्र सरकार बनले, कामगार नेते अर्नेस्ट बेव्हिन कामगारमंत्री झाले आणि युद्धामुळे होणाऱ्या जादा नफ्यावर शंभर टक्के कर बसला, हे मात्र क्वचित सांगितले जाते. कामगाराने जादा तास राबावे असे म्हणायचे असेल, तर मालकाने त्यातून श्रीमंत होता कामा नये, हे त्या सरकारला कळले होते. ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि बेकन यांचे रेशन सुरू झालेच होते. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांनी पुढे गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुले यांना स्वस्त दुधाची सोय केली. गरिबाच्या घरातील मुलाला शांततेच्या काळापेक्षा युद्धात चांगले दूध मिळू लागले, तेव्हा त्या घराला हे युद्ध आपले वाटले.

वाटणी असमान दिसली तेव्हा तिथेही तडे जात होते. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा पूर्व लंडनच्या गरीब वस्त्या जळत होत्या आणि सॅव्हॉय या आलिशान हॉटेलात पाहुण्यांसाठी उत्तम तळघर होते. त्या महिन्याच्या मध्यावर पूर्व लंडनमधील काही रहिवासी साम्यवादी कार्यकर्त्यांसह थेट त्या हॉटेलात शिरले आणि त्यांनी आसरा मागितला. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत रात्री झोपू देण्यासही सरकार सुरुवातीला तयार नव्हते. लोकांनी तिकिटे काढली, खाली उतरले आणि वर आलेच नाहीत. सरकारने हट्ट सोडला, नंतर तिथे बंक बसवले, स्वच्छतागृहे केली. नेत्याच्या शहाणपणाचा हा भाग मला भाषणांइतकाच मोलाचा वाटतो. लोकांनी स्वतःहून काढलेली वाट योग्य असेल तर तिला विरोध करत बसण्याऐवजी ती सुरक्षित करून द्यावी, हे त्यांना साधले.

सत्य सांगण्याच्या बाबतीत १९६२ चा धडा कठोर आहे. नोव्हेंबरात बोमडिला पडले आणि चिनी फौजा आसामच्या मैदानाकडे येतील असे वाटू लागले, तेव्हा तेजपूर शहरातील प्रशासन अक्षरशः नाहीसे झाले. जिल्ह्याचे वरिष्ठ अधिकारी शहर सोडून गेले, बँकेतील नोटा जाळल्या गेल्या, तुरुंगातील कैदी आणि मनोरुग्णालयातील रुग्ण बाहेर सोडले गेले. त्याच दिवसांत नेहरूंनी आकाशवाणीवरून आसामच्या जनतेबद्दल सहवेदना व्यक्त केली. हेतू सांत्वनाचा होता, पण आसाममधील माणसांना त्यात निरोपाचा सूर ऐकू आला आणि ती जखम पुढे कित्येक दशके ठसठसत राहिली. संकटात असलेल्या भागाशी बोलताना नेत्याने पुढची व्यवस्था सांगितली पाहिजे: कोण थांबणार आहे, धान्य कुठून येणार आहे, हलायचे असल्यास कोणत्या रस्त्याने आणि कोणाच्या सूचनेने. आणि जिल्हाधिकारी जागेवर दिसला पाहिजे. दिल्लीतला नेता कितीही धीराचा असला, तरी नागरिकाच्या लेखी सरकार म्हणजे त्याच्या गावातला अधिकारी, तलाठी आणि पोलीस. तो पळाला की सरकार पळाले.

अफवांबाबतही एक अनुभव ब्रिटनचा आहे. जुलै १९४० मध्ये तिथल्या माहिती मंत्रालयाने निराशाजनक बोलणाऱ्यांना गप्प करण्याची मोहीम काढली आणि काहींवर खटलेही झाले. लोकांना ते इतके अपमानास्पद वाटले की काही दिवसांतच चर्चिल यांनी ती मोहीम सोडून दिल्याचे पार्लमेंटमध्ये सांगितले. अफवा हे अनेकदा माहितीच्या भुकेचे लक्षण असते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, वाईट बातमीसुद्धा सरकारकडून मिळते हे एकदा कळले, की चौकातल्या कुजबुजीला गिऱ्हाईक उरत नाही. हे मी प्रशिक्षणवर्गांत पुन्हा पुन्हा सांगत असे आणि आजही त्यात बदल करावा असे मला वाटत नाही.

आता सर्वांत नाजूक भाग. एकत्र येणाऱ्यांत कोण कोण मोजले जाते? पाकिस्तानशी युद्ध चालू असताना भारतातील मुसलमान नागरिकाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल, हा १९६५ चा सर्वांत मोठा अंतर्गत धोका होता. २६ सप्टेंबरला दिल्लीच्या रामलीला मैदानावर बोलताना शास्त्रीजींनी, शास्त्री हिंदू आहेत म्हणून ते पाकिस्तानशी लढायला तयार आहेत या अर्थाच्या बीबीसीच्या वृत्ताला उत्तर दिले. व्यासपीठावरचे मीर मुश्ताक मुसलमान आहेत, फ्रँक अँथनी ख्रिस्ती आहेत, इथे शीख आहेत, पारशी आहेत, आणि आपण हे राजकारणात आणत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे बोलणे पोकळ नव्हते. खेमकरणच्या आघाडीवर पॅटन रणगाडे टिपणारे हवालदार अब्दुल हमीद १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले होते, आणि त्यांना परमवीर चक्र युद्ध चालू असतानाच जाहीर झाले होते. मुंबईत जन्मलेले पारशी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व करताना सियालकोट आघाडीवर कामी आले, तेही परमवीर. विमानदलातील कीलर बंधू अँग्लो-इंडियन होते. ही नावे लगेच घराघरांत पोहोचली, ही त्या सरकारची अतिशय योग्य वेळी केलेली कृती होती. संशयाचे विष पसरण्याआधी त्याला रोखावे लागते. पसरल्यानंतर खुलासे करून ते उतरत नाही.

याच कसोटीवर १९६२ मध्ये आपण नापास झालो. आसाम, दार्जिलिंग आणि कलकत्त्याच्या परिसरातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांतील अनेकांचा जन्म भारतात झाला होता. त्यांच्यातील किती जण हेर होते याचा पुरावा कधी पुढे आला नाही, पण वर्षानुवर्षे मांडलेले संसार मात्र मोडले. बहुसंख्यांची एकी बळकट करण्यासाठी अल्पसंख्य गटाला बळी देणे सोपे असते, आणि त्या वेळी टाळ्याही मिळतात. मी ते नेतृत्व मानत नाही.

चर्चिल यांची गोष्टही इथे पूर्ण सांगावी लागेल. ब्रिटनमधील बालकाच्या दुधाची काळजी घेणाऱ्या त्याच युद्धकालीन सरकारच्या अमलाखाली १९४३ मध्ये बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून आधीच्या वर्षी नदीमुखाच्या प्रदेशातील होड्या काढून घेतल्या गेल्या होत्या, तांदळाचे भाव आवाक्याबाहेर गेले होते आणि मदतीच्या मागण्यांना लंडनहून मिळणारा प्रतिसाद अपुरा आणि उशिराचा होता. ज्यांना मत नव्हते त्यांचा वाटणीत वाटाही नव्हता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथील लोकप्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले, तेव्हाच हिंदुस्थानातील घरची आघाडी हरली होती. लाखो तरुण सैन्यात गेले खरे, पण मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि सातारा जिल्ह्यात तर प्रतिसरकार उभे राहिले.

त्या सातारा जिल्ह्यातील भूमिगत चळवळीत यशवंतराव चव्हाण होते. १९४२ मध्ये सरकारचा युद्धप्रयत्न झुगारून रानोमाळ फिरणारा आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेलेला हा कार्यकर्ता १९६५ मध्ये देशाचा संरक्षणमंत्री होता. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे ज्यांच्याबद्दल म्हटले गेले ते हेच. १ सप्टेंबरला छांबमध्ये रणगाडे पुढे सरकत असताना विमानदल वापरण्याची परवानगी त्यांनी मिनिटांत दिली आणि त्याच संध्याकाळी विमाने झेपावली. सातारा जिल्ह्याने तेव्हाही मुलगे सैन्यात पाठवले आणि आताही पाठवले. मधल्या वर्षांत माणसांचे शौर्य बदलले नव्हते. विचारून घेतलेले युद्ध आणि न विचारता लादलेले युद्ध यांत नागरिकाला असा फरक कळतो.

प्रत्यक्ष कामाची वाटणी १९६५ मध्ये किती खोलवर गेली हे पंजाबात दिसले. ६ सप्टेंबरच्या रात्री पठाणकोट, हलवारा आणि आदमपूर या विमानतळांजवळ पाकिस्तानी छत्रीधारी सैनिक उतरवले गेले, आणि त्यांतील बरेचसे पोलीस व गावकऱ्यांनी मिळून पकडले. राजस्थानातील गडरा रोड परिसरात रेल्वे कर्मचारी हवाई हल्ल्यांतही सैन्याला रसद पोहोचवत राहिले आणि त्यांतील काहींनी प्राण दिले. गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता कच्छच्या सीमाभागात जाताना १९ सप्टेंबरला त्यांचे विमान पाडले गेल्याने मृत्युमुखी पडले. सीमेवरील माणसाने पाहिले की मुख्यमंत्रीही आपल्याच आकाशाखाली आहे. मोठ्या शहरांत खिडक्यांना काळा कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, भोंगा वाजला की जिन्याखाली, एवढेच काम होते. पण तेही गल्लीतल्या ओळखीच्या माणसाने समजावून सांगितले की नीट होते. अनोळखी गणवेशाने दरडावले की दिवे मालवले जातात, पण मने जुळत नाहीत. १९५७ मध्ये नागपुरात सुरू झालेली आणि पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेलेली संस्था किंवा १९६८ चा नागरी संरक्षण कायदा यांचे महत्त्व इथे आहे. युद्धाच्या दिवशी वॉर्डनला लोक ओळखत असतील, तरच त्याचे ऐकतील.

एकी म्हणजे मतभेदांची बंदी असा अर्थ सत्ताधाऱ्यांना सोयीचा असतो, आणि या बाबतीत शास्त्रीजींचे सरकारही निर्दोष नव्हते. ऑक्टोबर १९६२ मध्ये पुकारलेली आणीबाणी त्यांच्या कारकिर्दीतही चालूच होती. भारत संरक्षण नियमांखाली डिसेंबर १९६४ अखेरीस मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या शेकडो नेत्यांना आणि कार्यकर्त्यांना खटल्याविना स्थानबद्ध केले गेले. ती आणीबाणी उठायला जानेवारी १९६८ उजाडले. युद्धासाठी घेतलेले अधिकार परत करण्याची तारीख, ते घेतानाच ठरवलेली असावी, असे माझे ठाम मत आहे.

लोक व्यक्तीपेक्षा उद्दिष्टाभोवती एकत्र येतात, याचा पुरावा ब्रिटिश मतदाराने १९४५ मध्ये दिला. डिसेंबर १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांपासून संरक्षणाची योजना मांडली होती. युद्धात वाटून घेतलेले कष्ट शांततेत वाटून घेतलेल्या सुखात बदलावेत, ही अपेक्षा त्यातून रुजली. चर्चिल यांनी त्याबाबत पुरेसा उत्साह दाखवला नाही आणि जिंकलेल्या युद्धाच्या वर्षीच मतदारांनी त्यांच्या पक्षाला सत्तेवरून काढून मजूर पक्षाला ३९३ जागा दिल्या. यात कृतघ्नता नव्हती. नागरिकांनी आपल्या वाट्याचा हिशेब मागितला होता.

शास्त्रीजींना तो हिशेब देण्याची संधी मिळाली नाही. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद करारावर सह्या झाल्या आणि ऑगस्टमध्ये रक्त सांडून जिंकलेली हाजीपीर खिंड परत द्यावी लागणार हे स्पष्ट झाले. देशात अस्वस्थता होती, विशेषतः ज्यांच्या घरातील माणूस परतला नव्हता तिथे. उपासाची विनंती त्यांनी लोकांना विश्वासात घेऊन केली होती. तसाच तहही त्यांनी दिल्लीला परतल्यावर लोकांसमोर उभे राहून समजावून सांगितला असता, असे मला वाटते. त्याच रात्री ताश्कंदमध्ये त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या सरकारने कराराचे समर्थन केले. पण ज्या माणसाच्या शब्दावर घरांनी चुली थंड ठेवल्या होत्या त्याच्या तोंडून ते स्पष्टीकरण कोणाला ऐकायला मिळाले नाही, आणि ताश्कंदविषयीचे प्रश्न आजवर मिटलेले नाहीत.